डायक्लोफेनॅक आणि भ्रूण: झेब्रा मासा, कोंबडी आणि उंदीर यांची तुलना कशी करायची

कंबर धरली, दाढ ठणकली, गुडघा सुजला की घरोघरी जी गोळी घेतली जाते तिच्यात बहुधा डायक्लोफेनॅक असते. वाढत्या भ्रूणावर त्याचा काय परिणाम होतो, हा विषय प्राणिशास्त्र आणि फार्मसीच्या प्रोजेक्टमध्ये वरचेवर निघतो आणि तितक्याच वरचेवर एकाच जागी फसतो. माशाचे आकडे मिग्रॅ प्रतिलिटरमध्ये असतात, कोंबडीचे मायक्रोग्रॅम प्रतिअंडे आणि उंदराचे मिग्रॅ प्रतिकिलो. हे तीन आकडे शेजारी मांडायचे आणि ‘सर्वांत नाजूक कोण’ ते ठरवून मोकळे व्हायचे. पण पहिला आकडा पाण्यातल्या प्रमाणाचा आहे, दुसरा अंड्यात टोचलेल्या एकूण औषधाचा आणि तिसरा आईच्या पोटात गेलेल्या मात्रेचा. भ्रूणापर्यंत प्रत्यक्षात किती औषध पोचले, हे यांतला एकही आकडा सांगत नाही. तेव्हा चाचणी लावतानाच त्या प्रश्नाची सोय करून ठेवायची.

आधी परवानगी. प्रौढ झेब्रा मासे पाळणे आणि त्यांची पैदास करणे हे सीसीएसईएच्या (प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख करणारी केंद्र सरकारची समिती, जुने नाव सीपीसीएसईए) चौकटीत येते. कॉलेजच्या प्राणी-नैतिकता समितीकडे प्रस्ताव द्या. भ्रूण कोणत्या वयापर्यंत वाढवणार आणि शेवटी कसे संपवणार, हे त्यात स्पष्ट लिहा. कोंबडीच्या अंड्यांचेही समितीला लेखी विचारून घ्या. उत्तर तोंडी मिळाले तर ते मिळाले नाही असे समजा.

औषध कोणते घ्यायचे

मेडिकलमधली गोळी कुटून वापरू नका. तिच्यावर आतड्यात विरघळणारे आवरण असते आणि आत स्टार्च, रंग आणि बाकीचा भरणा. इंजेक्शनची ॲम्प्युलही नको, कारण तिच्यात बहुधा बेंझिल अल्कोहोल आणि प्रॉपिलीन ग्लायकॉल असते. मग भ्रूण मेला तर नेमका कशाने, ते सांगता येत नाही. केमिकल विक्रेत्याकडून शुद्ध डायक्लोफेनॅक सोडियमची पावडर मागवा (रेणुभार ३१८.१) आणि शुद्धतेचा दाखला फाइलला लावा.

सोडियम क्षार पाण्यात विरघळतो. त्यामुळे डीएमएसओ या द्रावकाची गरज पडत नाही आणि एक जादा कंट्रोल गट (औषध न दिलेला, तुलनेसाठीचा) वाचतो. दोन गोष्टींची मात्र काळजी घ्या. डायक्लोफेनॅक उजेडात मोडते, म्हणून बाटलीला ॲल्युमिनियम फॉइल गुंडाळा आणि द्रावण रोज ताजे करा. दुसरे, द्रावण आम्लाकडे झुकले की औषध पांढरे होऊन खाली बसते. इस्पितळात डायक्लोफेनॅक सलाइनमधून द्यायचे असेल तर आधी त्यात सोडियम बायकार्बोनेट घालतात, ते याच कारणाने.

झेब्रा मासा: पाणी आणि द्रावणे

मत्स्यालयाच्या दुकानात ‘झेब्रा डॅनियो’ म्हणून मिळतो तोच हा मासा, मूळचा गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातला. चाचणीची पद्धत ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या २३६ क्रमांकाच्या, २०१३ च्या मार्गदर्शिकेत दिलेली आहे. शक्यतो तिलाच धरून चला.

भ्रूणासाठीचे पाणी म्हणजे ई-३. त्याचे २० पट तीव्र द्रावण असे करा: एक लिटर शुद्ध पाण्यात सोडियम क्लोराइड ५.८४ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड ०.२५ ग्रॅम, कॅल्शियम क्लोराइड (दोन पाण्याचे रेणू असलेले) ०.९७ ग्रॅम आणि मॅग्नेशियम सल्फेट (सात रेणूंचे) १.६३ ग्रॅम. वापरताना ५० मिलि घेऊन एक लिटर करा. ६० पट द्रावणाची कृती सगळीकडे फिरते, पण सल्फेट घालून इतके तीव्र केले की कॅल्शियम सल्फेटचा साका बसायची भीती असते आणि मग प्रत्येक लिटरमध्ये कॅल्शियम वेगळेच पडते. बुरशी रोखायला ई-३ मध्ये मिथिलीन ब्लू टाकायची पद्धत आहे. औषधाच्या चाचणीत ती पाळू नका, कारण तो रंग हेही एक रसायनच आहे.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो पीएचवर. साध्या ई-३ मध्ये बफर (पीएच स्थिर ठेवणारे द्रव्य) नसतो, त्यामुळे त्याचा पीएच दिवसभरात सहज घसरतो. डायक्लोफेनॅकचा पीकेए (ज्या पीएचला निम्मे रेणू विद्युतभारित असतात तो आकडा) ४ च्या जरा वर आहे. पीएच ७.५ वर त्याचे जवळपास सगळे रेणू विद्युतभारित असतात, आणि असे रेणू पेशीच्या पडद्यातून सहज आत शिरत नाहीत. पीएच ७.५ वरून ६.५ वर आला की भाररहित रेणूंचे प्रमाण दहापट होते. बाटलीवरचे लेबल तेच राहते, भ्रूणात जाणारे औषध मात्र कितीतरी वाढते. दोन बॅचचे निकाल जुळत नसतील तर पहिला संशय इथेच घ्या. २ मिलिमोलर हेपेस हा बफर घालून पीएच ७.४ ला बांधा. हेपेस कंट्रोलच्या पाण्यातही तितकेच घाला आणि २४ तासांनी चाचणीच्या प्लेटमधल्या विहिरीतल्या (खळग्यातल्या) पाण्याचा पीएच मोजा. नुसता बाटलीतला मोजून भागत नाही.

मूळ द्रावण १०० मिग्रॅ प्रतिलिटरचे करा: २० मिग्रॅ पावडर २०० मिलि ई-३ मध्ये. प्राथमिक अंदाजासाठी ०.१, १, १० आणि १०० मिग्रॅ प्रतिलिटर अशी दहा-दहा पटींची शिडी प्रत्येकी दहा भ्रूणांवर लावा. डायक्लोफेनॅकला झेब्रा माशाचे भ्रूण साधारण काही मिग्रॅ प्रतिलिटरच्या पट्ट्यात प्रतिसाद देतात. म्हणून मुख्य चाचणीला बहुतेक वेळा १, २, ४, ८, १६ ही मालिका चालते. मूळ द्रावण ३२ मिलि घेऊन २०० मिलि केले की १६ चे द्रावण झाले. त्यातले १०० मिलि काढून तितकेच ई-३ मिसळा, ८ चे झाले. असेच १ पर्यंत उतरा. प्रत्येक पायरीला किमान १०० मिलि उरते, ते एका प्लेटला पुरते. या पद्धतीत पहिली चूक शेवटपर्यंत वाहत जाते, म्हणून पहिले माप पिपेटनेच घ्या.

अंडी मिळवणे आणि प्लेट भरणे

आदल्या संध्याकाळी दोन नर आणि एक मादी या हिशेबाने मासे पैदाशीच्या टाकीत सोडा. तळाशी जाळी हवीच, नाहीतर आईबापच अंडी गट्ट करतात. जाळी नसेल तर काचेच्या गोट्यांचा थर चालतो. सकाळी दिवा लागला की अर्ध्या तासात अंडी पडतात. ती गाळून स्वच्छ ई-३ मध्ये धुवा आणि लगेच, फलनानंतर दीड तासाच्या आत, प्रत्येक द्रावणाच्या वेगळ्या काचपात्रात टाका. निवड नंतर करायची, आधी औषधाशी गाठ घालायची. हा क्रम उलटा झाला तर सुरुवातीची पेशीविभाजने औषधाविना निघून जातात.

मग मायक्रोस्कोपखाली निवडा. फलित अंड्यात ४, ८, १६ अशा सारख्या आकाराच्या पेशी बलकाच्या डोक्यावर ओळीत बसलेल्या दिसतात. पेशी लहानमोठ्या असतील, मध्ये बुडबुडे असतील, कवच फुटके असेल तर ते अंडे बाजूला काढा. फलनाचे प्रमाण ७० टक्क्यांच्या खाली असेल तर त्या दिवशीची सगळी बॅच टाकून द्या, मन घट्ट करून.

२४ विहिरींच्या प्लेटमध्ये दर विहिरीत २ मिलि द्रावण आणि एकच भ्रूण ठेवा. वीस विहिरी औषधाच्या, चार साध्या पाण्याच्या. शिवाय एक पूर्ण प्लेट कंट्रोलची आणि एक ३,४-डायक्लोरोॲनिलिनची, ४ मिग्रॅ प्रतिलिटर. हे रसायन मुद्दाम मारक म्हणून ठेवायचे असते. ९६ तासांत त्यात किमान ३० टक्के भ्रूण मेले नाहीत तर तुमची बॅच किंवा तुमची नजर, दोहोंपैकी एक बिघडली आहे. साध्या कंट्रोलमध्ये उलट किमान ९० टक्के जगले पाहिजेत आणि ८० टक्के फुटून बाहेर आले पाहिजेत. प्लास्टिक औषध ओढून घेते, म्हणून प्लेट आदल्या दिवशी त्याच द्रावणाने भरून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी ओतून पुन्हा भरा.

तापमान २६ अंश, एक अंश इकडेतिकडे. भ्रूणाच्या अवस्थांचा प्रमाण तक्ता मात्र २८.५ अंशांचा आहे, १९९५ साली किमेल आणि सहकाऱ्यांनी दिलेला. तो तसाच लावला तर निरोगी भ्रूणही ‘मागे पडलेला’ दिसतो. यासाठी सूत्र आहे: तापमानाला ०.०५५ ने गुणा, त्यातून ०.५७ वजा करा आणि तक्त्यातल्या तासांना त्या आकड्याने भागा. २६ अंशांना तो आकडा ०.८६ येतो. म्हणजे तक्त्यातली २४ तासांची अवस्था तुमच्याकडे जवळपास २८ व्या तासाला दिसणार. ‘औषधामुळे वाढ खुंटली’ असे लिहिलेल्या प्रोजेक्टमध्ये कितीतरी वेळा खुंटलेले असते ते इनक्युबेटरचे तापमान.

काय पाहायचे

२४, ४८, ७२ आणि ९६ तासांनी पाहा. मृत्यूच्या खुणा चार: भ्रूण दुधी होऊन गोठणे, सोमाईट (पाठीलगतचे स्नायूंचे खंड) न दिसणे, शेपटी बलकापासून सुटी न होणे आणि ४८ तासांपासून पुढे हृदयाचे ठोके नसणे. चारांपैकी एकही दिसली की मृत. याखेरीज नोंदवायच्या गोष्टी: हृदयाभोवती पाणी साचणे, बलकपिशवी फुगणे, शेपटी वाकणे, कवचातून उशिरा बाहेर येणे.

यांतली शेवटची नोंद फसवी आहे. भ्रूण कवच फोडतो तो काही अंशी विकरांनी, काही अंशी शेपटीच्या हिसक्यांनी. औषधाने त्याची हालचाल मंदावली तरी तो आत अडकून राहतो, अवयवांची घडण अगदी ठीक असली तरीही. म्हणून न फुटलेल्या भ्रूणाचे कवच ९६ तासांनी बारीक चिमट्याने सोडवा आणि आतला भ्रूण सरळ आहे का ते पाहून मगच व्यंग लिहा. हृदयाचे ठोके मोजताना प्लेट दिव्याखाली पाच मिनिटे राहिली तरी पाणी तापते आणि ठोके वाढतात. एक कंट्रोल, एक औषधाचा, पुन्हा एक कंट्रोल अशी आळीपाळी ठेवा, म्हणजे ती वाढ दोन्हीकडे सारखी वाटली जाते.

पुनरावृत्ती म्हणजे तीन वेगळ्या दिवशी, वेगळ्या अंड्यांवर केलेली चाचणी. एकाच दिवशीच्या तीन प्लेटा म्हणजे तीन पुनरावृत्त्या नव्हेत.

कोंबडीचे अंडे

किराणा दुकानातली अंडी उबवून काही निघत नाही. त्या कोंबड्यांजवळ कोंबडा नसतोच. हॅचरीतून फलित अंडी आणा: एकाच कळपाची, ५५ ते ६० ग्रॅमची, सात दिवसांच्या आतली, १५ ते १८ अंशांत ठेवलेली. गार अंडी थेट मशीनमध्ये घातली तर कवचाला घाम सुटतो आणि त्या ओलाव्यातून जंतू आत शिरतात. रात्रभर खोलीच्या तापमानाला येऊ द्या. मग ३७.७ अंश, आर्द्रता ५५ ते ६० टक्के, रुंद टोक वर, आणि दिवसातून काही वेळा फिरवणे.

औषध केव्हा टोचायचे यावर पुढचे सगळे अवलंबून आहे. तिसऱ्या दिवशी, म्हणजे ७० ते ७२ तासांना, भ्रूण हॅम्बर्गर-हॅमिल्टनच्या (कोंबडीच्या भ्रूणाच्या अवस्थांचा प्रमाण तक्ता) २० व्या अवस्थेच्या आसपास असतो. हृदय धडधडत असते आणि हातपायांचे अंकुर नुकते उठलेले असतात. टोचण्याआधी अंधारात टॉर्च लावून अंडे पाहा. लाल कोळ्यासारखे जाळे दिसले तर भ्रूण जिवंत. लाल कडे दिसले तर तो मेलेला. ती अंडी बाद करा, नाहीतर आधीच गेलेले भ्रूण औषधाच्या माथी मारले जातात.

द्रावण पीएच ७.४ च्या फॉस्फेट बफर सलाइनमध्ये करा आणि ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळा. प्राथमिक अंदाजाला अंड्यामागे १०, ३०, १०० आणि ३०० मायक्रोग्रॅम घ्या, म्हणजे ०.१, ०.३, १ आणि ३ मिग्रॅ प्रतिमिलि द्रावणाचे १०० मायक्रोलिटर. द्रावण आधी ३७ अंशांना आणा. कवचाचे रुंद टोक ७० टक्के अल्कोहोलने पुसून कोरडे होऊ द्या, जाड निर्जंतुक सुईने हवेच्या पोकळीवर भोक पाडा आणि २६ गेजच्या सुईने आतल्या पडद्यावर थेंब सोडा. पडदा फोडू नका. भोक वितळलेल्या पॅराफिनने बंद करा. मेण फार तापलेले नको.

कंट्रोल गट तीन हवेत: अजिबात हात न लावलेली अंडी, नुसते भोक पाडून बंद केलेली आणि नुसता बफर टोचलेली. भोकाच्या गटातच पाचातले एक अंडे मरत असेल तर दोष औषधाचा नाही, हाताचा किंवा स्वच्छतेचा आहे. हात बसेपर्यंत औषध टोचूच नका. प्रत्येक गटाला मुख्य चाचणीत किमान २० जिवंत अंडी धरा.

दहाव्या दिवशी थांबा, त्यापुढे नेऊ नका. अंडी रात्रभर ४ अंशांना ठेवून मग उघडा. भ्रूणाचे वजन, अवस्था, चोच, डोळे, पायाची बोटे आणि पोटाची भिंत बंद झाली आहे का, ते नोंदवा. अलँटॉइसच्या (भ्रूणाचा टाकाऊ माल साठवणाऱ्या) पिशवीत पांढरे कण दिसले तर दचकू नका. पक्ष्याचा भ्रूण युरिक ॲसिड तिथेच साठवतो, ते कंट्रोलमध्येही दिसते. डायक्लोफेनॅकने मेलेल्या गिधाडांच्या अवयवांवर युरेटचे पांढरे थर सापडले, हे वाचलेले असते आणि मग इथेही तेच दिसल्यासारखे वाटते. थर मूत्रपिंडावर किंवा हृदयाच्या आवरणावर असेल तरच वेगळे लिहा, फोटोसकट.

गिधाडांची नोंद प्रौढ पक्ष्यांची आहे, भ्रूणांची नव्हे. पण प्रजातीचा फरक किती टोकाचा असू शकतो, ते तिथून कळते. पांढऱ्या पाठीच्या गिधाडाला अर्धे पक्षी मारणारी मात्रा ०.१ ते ०.२ मिग्रॅ प्रतिकिलोच्या आसपास निघाली, कोंबडीला सुमारे १० मिग्रॅ. अमेरिकेतले टर्की व्हल्चर त्याहून मोठी मात्राही पचवते. भारतात जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर २००६ मध्ये बंदी आली ती या गिधाडांमुळेच. तेव्हा कोंबडीचा निकाल लिहिताना ‘पक्ष्यांमध्ये’ असा शब्द वापरू नका. ‘कोंबडीत’ लिहा.

उंदीर आणि ससे: वाचा, करू नका

सस्तन प्राण्यांवरची चाचणी (ओईसीडी ४१४) कॉलेजच्या आवाक्यातली नाही आणि डायक्लोफेनॅकसाठी ती पुन्हा करण्याचे कारणही नाही. औषधाच्या अधिकृत माहितीपत्रकात निकाल दिलेले आहेत: लहान उंदरांना (माऊस) रोज २० मिग्रॅ प्रतिकिलोपर्यंत, रॅट (मोठा उंदीर) आणि सशांना १० पर्यंत देऊनही व्यंगे वाढली नाहीत, मात्र या मात्रांना आईला आणि पिलांना त्रास झाला. रॅटमध्ये गर्भकाळ लांबला, प्रसूती अडली, पिलांचे वजन घटले.

ॲस्पिरिनचे चित्र निराळे आहे. मोठ्या मात्रेने रॅटमध्ये व्यंगे होतात, सशांत तशी सापडत नाहीत. एकाच कुळातल्या दोन औषधांत आणि दोन सस्तन प्राण्यांत एवढा फरक पडतो. हे वाङ्मय वाचताना एक तपासा: हिशेब पिलामागे केला आहे की आईमागे? एका आईची बारा पिले म्हणजे बारा स्वतंत्र निरीक्षणे नव्हेत. तसे मोजले असेल तर तो निकाल बाजूला ठेवा.

तुलना कशी मांडायची

पहिला रकाना: भ्रूणाभोवती मोकळे औषध किती. माणसाने ५० मिग्रॅची गोळी घेतली की रक्तात साधारण दीड मिग्रॅ प्रतिलिटरपर्यंत औषध चढते. म्हणून प्लेटमधले १ किंवा २ मिग्रॅ ‘उपचाराच्या पातळीचे’ आहे, असे लिहायचा मोह होतो. पण रक्तातले ९९.७ टक्क्यांहून जास्त डायक्लोफेनॅक अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटलेले असते. मोकळे उरते ते लिटरमागे चार-पाच मायक्रोग्रॅम. ई-३ मध्ये अल्ब्युमिन नाही, तिथे सगळेच मोकळे. म्हणजे प्लेटमधले दीड मिग्रॅ हे रक्तातल्या दीड मिग्रॅच्या सुमारे तीनशे पट. अंड्यात पुन्हा तिसराच प्रकार: ५५ ग्रॅमच्या अंड्यात तिसऱ्या दिवसाचा भ्रूण काही मिलिग्रॅमचा असतो आणि बाकीचा पांढरा-पिवळा बलक औषध धरून ठेवतो. शक्य असेल तर शेवटी भ्रूणातले औषध एचपीएलसीवर (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारे यंत्र) मोजून घ्या. ते जमत नसेल तर तिन्ही मात्रा आपापल्या एककातच ठेवा, एकमेकांत बदलू नका.

दुसरा रकाना: औषध मिळाले तेव्हा भ्रूण कोणत्या टप्प्यावर होता. हृदयाचा पहिला ठोका माशात सुमारे २४ तासांना पडतो, कोंबडीत ३३ तासांनंतर, रॅटमध्ये दहाव्या दिवसाच्या सुमारास, माणसात बाविसाव्या दिवशी. दिवस न जुळवता टप्पे जुळवा.

तिसरा रकाना: ज्यावर औषध काम करते ते तिथे आहे का. डायक्लोफेनॅक कॉक्स हे विकर अडवते, त्यामुळे त्या विकरामुळे बनणारे प्रोस्टाग्लँडिन हे संदेशवाहक द्रव्य कमी होते. झेब्रा माशात कॉक्स-१ दाबले की बलकावर पेशी पसरण्याची सुरुवातीची क्रियाच थांबते, म्हणून पहिले काही तास महत्त्वाचे. सस्तन गर्भात हेच प्रोस्टाग्लँडिन हृदयाजवळची एक रक्तवाहिनी, डक्टस आर्टिरिओसस, जन्मापर्यंत उघडी ठेवते. माशाला ती वाहिनीच नाही, तर प्लेटमध्ये तो धोका दिसणार कुठून? गर्भवतींना या कुळातली औषधे २० आठवड्यांनंतर टाळायला सांगतात ते गर्भाच्या मूत्रपिंडावर परिणाम होऊन गर्भजल घटते म्हणून, आणि ३० आठवड्यांनंतर याच वाहिनीमुळे. यातले काहीही ९६ तासांच्या माशावरून काढता येत नाही. तेव्हा ‘गरोदरपणात सुरक्षित’ किंवा ‘घातक’ हे दोन्ही शब्द तुमच्या निष्कर्षात नकोत. कोणी गर्भवती विचारू लागली तर तिला डॉक्टरकडेच पाठवा.

आवरताना माशांचे भ्रूण बर्फाच्या पाण्यात किमान वीस मिनिटे ठेवून मग ब्लीचमध्ये टाका. लहान भ्रूणांना नुसता बर्फ पुरत नाही. उरलेली द्रावणे बेसिनमध्ये ओतू नका. लेबल लावलेल्या कॅनमध्ये साठवून रासायनिक कचऱ्यात द्या. उघडलेली अंडी दुहेरी पिशवीत बांधून जैववैद्यकीय कचऱ्याबरोबर पाठवा. आवाराबाहेरच्या उकिरड्यावर टाकली तर कावळे, घारी आणि कुत्री ती तासाभरात उकरतात.